नावांचा सातबारा

शेतजमीन कोणाच्या नावावर आहे हे पाहावयाचे झाल्यास आपण सातबाराचा उतारा काढतो. इंटरनेटवर जमीन नाही, बांध नाही, शिवारही नाही. तरीही तेथे जागेची नोंद होते, फेरफार होतो, अतिक्रमण होते, कज्जे उभे राहतात आणि लिलावही पुकारले जातात. ही जागा म्हणजे केवळ एक नाव असते. त्याला डोमेन नाव म्हणतात. संकेतस्थळाचा पत्ता किंवा ई-मेलच्या पत्त्याचा उत्तरार्ध म्हणून आपण ते रोज वापरतो.

अशा नावांचा जगभर मोठा बाजार भरतो. चार अक्षरांसाठी कोट्यवधी रुपये मोजणारे धनिक या बाजारात आहेत आणि बड्या कंपनीला घाम फोडणारे शाळकरी मुलगेही आहेत. यातील अनेक प्रसंग हसू आणणारे आहेत. परंतु प्रत्येक प्रसंगाच्या मुळाशी नोंदणीचा एखादा साधा नियम आहे. ग्रामपंचायती, शाळा, सहकारी संस्था व शासकीय कार्यालये आज आपापली संकेतस्थळे चालवीत आहेत. त्यांनी हे नियम समजून घेणे अगत्याचे आहे.

क्रमांकाऐवजी नाव

इंटरनेटशी जोडलेले संगणक एकमेकांना क्रमांकाने ओळखतात. माणसाला मात्र क्रमांकापेक्षा नाव लक्षात ठेवणे सोपे जाते. प्रारंभीच्या काळात अमेरिकेतील या जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे व क्रमांक एकाच यादीत लिहिलेले असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर व त्यांचे सहकारी ठेवीत. संगणक वाढत गेले तशी एका यादीने काम भागेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या शास्त्रज्ञाने नावांची विभागवार रचना सुचविली.

ही रचना टपालाच्या पत्त्यासारखी आहे. पत्त्यात गाव आधी व राज्य शेवटी येते, त्याचप्रमाणे डोमेन नावात सर्वांत मोठा विभाग उजवीकडे, शेवटी असतो. ‘डॉट इन’ म्हणजे भारत, ‘डॉट कॉम’ म्हणजे मुळात व्यापारी संस्था. प्रत्येक विभागाची नोंदवही एका संस्थेकडे असते. तिच्या वतीने अधिकृत निबंधक लोकांकडून शुल्क घेऊन नावे नोंदवितात. या सर्वांच्या वर समन्वयासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था आहे. डॉट कॉममधील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक बनविणाऱ्या कंपनीने नोंदविले. आज जगात सर्व विभागांत मिळून ३६ कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. लोक ‘नाव विकत घेतले’ असे म्हणतात, परंतु नाव कोणालाच कायमचे विकले जात नाही. ते एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीने मिळते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. थोडक्यात, हा खरेदीखताचा नव्हे, भाडेपट्ट्याचा व्यवहार आहे. बाजारात लाखो डॉलरला जे विकले जाते तेही हा भाडेपट्टा आपल्या नावावर करून घेण्याचा हक्कच होय.

हाजीर तो वजीर

नोंदणीचा मूळ नियम अगदी सरळ आहे. जो आधी येईल त्याला नाव मिळेल. अर्ज करणाऱ्याचा त्या नावाशी संबंध आहे काय, याची चौकशी डॉट कॉमच्या नोंदवहीत होत नाही. शिवाय १९९५ पर्यंत या नोंदणीला शुल्कही नव्हते. त्या वर्षी सप्टेंबरपासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारण्यास सुरुवात झाली.

या नियमातील गंमत १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराने जगाच्या नजरेस आणली. मॅकडोनाल्ड्स या प्रसिद्ध खाद्यपदार्थ कंपनीचे नाव डॉट कॉममध्ये कोणीच नोंदविलेले नाही असे त्याच्या लक्षात आले. त्याने कंपनीकडे विचारणा केली, परंतु या विषयाचे महत्त्व जाणणारे तेथे कोणी भेटेना. अखेर ते नाव त्याने स्वतःच्याच नावे नोंदविले आणि ‘वायर्ड’ मासिकात त्यावर लेख लिहिला. कंपनीला जाग आली तेव्हा त्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातील एका सार्वजनिक शाळेला संगणक-सामग्रीसाठी ३,५०० डॉलर द्यावेत, एवढीच त्याची अट होती. कंपनीने ती मान्य केली. कंपनीला नाव मिळाले, शाळेला सामग्री मिळाली आणि पत्रकाराला लेख मिळाला. नावांच्या बाजारात सर्वच पक्ष संतुष्ट झाल्याची अशी उदाहरणे विरळाच.

आयत्या बिळावर नागोबा

पुढे आलेली मंडळी एवढी उदार नव्हती. नामांकित कंपन्यांची नावे त्यांच्याआधी नोंदवावयाची आणि मग त्यांच्याकडून पैसे मागावयाचे असा उद्योगच सुरू झाला. दुसऱ्याने वारूळ बांधावे आणि नागोबाने त्यात येऊन बसावे, तसाच हा प्रकार.

चित्रपटाचे कॅमेरे बनविणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीचे प्रकरण यात गाजले. तिचे नाव इलिनॉय राज्यातील एका गृहस्थाने आधीच नोंदविले होते. कंपनीने आक्षेप घेतला असता त्याने नाव सोडण्यासाठी १३,००० डॉलर मागितले. त्या संकेतस्थळावर होते काय, तर इलिनॉयमधील ‘पॅना’ नावाच्या एका लहान शहराची छायाचित्रे. पॅना शहराचे दर्शन, म्हणजेच ‘व्हिजन’, घडविणे हाच आपला हेतू असल्याचा तो आव होता. कंपनी पैसे देईना, तेव्हा त्याने तिच्या ‘पॅनाफ्लेक्स’ या दुसऱ्या चिन्हाचेही नाव नोंदविले. त्या संकेतस्थळावर तर ‘हॅलो’ एवढा एकच शब्द होता. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्याची नावे अडवून ती विकणे हाच ज्याचा धंदा आहे त्याला नोंदणीत आधी आल्याचा लाभ घेता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

आपल्याकडेही न्यायालयांनी याची वेळीच दखल घेतली. ‘रेडिफ’ या मुंबईच्या कंपनीच्या नावात एका स्वराचा फरक करून कोणी ‘रॅडिफ’ असे नाव नोंदविले होते. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या वापरास मनाई केली. २००४ मध्ये ‘सिफी’ व ‘सिफीनेट’ यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ‘सिफी’ हा शब्द सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरे जुळवून घडविला होता. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे एकापुढे एक ठेवली आणि योगायोगाने तोच उच्चार तयार झाला. हा योगायोग न्यायालयाला पटला नाही. डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यापारातील ओळख आहे, म्हणून व्यापारचिन्हाप्रमाणे त्याला संरक्षण मिळू शकते, असे न्यायालयाने सांगितले.

न्यायालयाबाहेर झटपट निवाडा व्हावा म्हणून आयकॅनने १९९९ मध्ये एक समान पद्धती स्वीकारली. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. वादग्रस्त नाव त्याच्या चिन्हाशी फसगत होण्याइतके मिळतेजुळते आहे, प्रतिपक्षाचा त्या नावाशी रास्त संबंध नाही, आणि नोंदणी व वापर दुष्ट हेतूने झाला आहे. डॉट इन नावांसाठी अशीच स्वतंत्र पद्धती २००५ पासून आहे.

हेतू शुद्ध असेल तर

या तीन कसोट्यांमुळे काही निकाल वरवर पाहता विसंगत वाटतात. २००० मध्ये अभिनेत्री जूलिया रॉबर्ट्स यांना आपल्या नावाचे डोमेन परत मिळाले. त्याच वर्षी ‘स्टिंग’ या टोपणनावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या गायकाची तक्रार मात्र फेटाळली गेली. स्टिंग म्हणजे डंख. तो इंग्रजीतील सर्वसाधारण शब्द असल्याने त्यावर एकाच माणसाला हक्क सांगता येणार नाही, असे ठरले. कीर्ती कितीही मोठी असली तरी शब्दकोशातला शब्द सर्वांचाच राहतो.

उझी निस्सान यांची कथा याहून बोधप्रद आहे. निस्सान हे त्यांचे आडनाव. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात त्यांचा संगणकांचा लहानसा व्यवसाय होता आणि त्यासाठी १९९४ मध्ये त्यांनी आपल्या आडनावाचे डॉट कॉम नाव नोंदविले. १९९९ च्या अखेरीस त्याच नावाच्या जपानी मोटार कंपनीने त्यांच्यावर १ कोटी डॉलरचा दावा लावला. कज्जा सुमारे आठ वर्षे चालला आणि निस्सान यांना त्यासाठी जबर खर्च सोसावा लागला. परंतु आडनाव खरे होते, व्यवसाय खरा होता आणि नोंदणी आधीची होती. शेवटी नाव त्यांच्याकडेच राहिले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तोवर मोटार शोधणारे असंख्य लोक चुकून एका संगणक-विक्रेत्याच्या दारात येऊन परत जात होते.

कॅनडातील माइक रो या विद्यार्थ्याची युक्ती मात्र निराळी. आपल्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून त्याने नाव नोंदविले. ते मोठ्याने उच्चारले की मायक्रोसॉफ्ट ऐकू येते. जगातील त्या बलाढ्य कंपनीने नावाच्या मोबदल्यात त्याला नोंदणीखर्चाचे १० डॉलर देऊ केले. त्याने १० हजार मागितले. उत्तरादाखल वकिलांचे भलेमोठे पत्र आले. वृत्तपत्रांत बातम्या झळकल्या, लोकांनी मुलाची बाजू घेतली आणि जानेवारी २००४ मध्ये तडजोड झाली. मुलाला संगणक-खेळाचे यंत्र आणि काही भेटी मिळाल्या. कंपनीला नाव मिळाले, पण हसे झाले ते वेगळेच.

सरकारेही या वादांत उतरली आहेत. फ्रान्समध्ये जन्मलेल्या एका अमेरिकन नागरिकाने १९९४ मध्ये आपल्या मातृभूमीच्याच नावाचे डॉट कॉम नाव नोंदवून त्यावर पर्यटनाचा व्यवसाय उभारला होता. फ्रेंच शासनाने त्या नावावर हक्क सांगितला. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये शासनाच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१८ मध्ये नाव शासनाकडे गेले. धारकाला एका डॉलरचाही मोबदला मिळाला नाही. चोवीस वर्षांची वहिवाटही येथे उपयोगी पडली नाही.

भाव कशाचा, मोल कशाचे

डॉट कॉम नावाचा वर्षाचा मूळ दर दहा डॉलरच्या आसपास आहे. मग तेच नाव दुसऱ्याकडून घेताना लाखो डॉलर का मोजावे लागतात? आपल्याकडे मोटारीच्या पसंती क्रमांकासाठी परिवहन कार्यालयात भरले जाणारे वाढीव शुल्क आठवले, तर याचे उत्तर सापडते. क्रमांकाने गाडी वेगाने धावत नाही, पण तो एकच असतो आणि तो अनेकांना हवा असतो. इंग्रजीची तीन अक्षरे घेऊन बनणारी नावे फक्त १७,५७६ आहेत. डॉट कॉममधील ही सर्व नावे केव्हाच घेतली गेली आहेत. आता ज्याला हवे असेल त्याने धारकाच्या दारी जावे आणि तो सांगेल ती किंमत ऐकावी.

‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकले गेले तेव्हा लोकांनी घेणाऱ्याला वेड्यात काढले. दोनच वर्षांनी त्याने ते ७५ लाख डॉलरला विकले. २००७ मध्ये त्या नावाने उभा राहिलेला संपूर्ण व्यवसाय सुमारे ३४.५ कोटी डॉलरला एका मोठ्या प्रकाशन कंपनीने घेतला. ती कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव ३ कोटी डॉलरला विकले गेले. त्या नावाने सुरू झालेली सेवा काही वर्षांतच बंद पडली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही आपली म्हण या बाजारालाही लागू पडते.

चिनी ग्राहकांची आवड आणखी निराळी. त्यांना अंकांची नावे प्रिय असतात, कारण इंग्रजी अक्षरांपेक्षा अंक त्यांच्या लक्षात राहतात. ८ हा अंक शुभ मानला जातो. ४ चा चिनी उच्चार मृत्यूवाचक शब्दाच्या जवळ जातो म्हणून तो टाळला जातो. २०१५ मध्ये ‘३६० डॉट कॉम’ हे नाव एका चिनी कंपनीने १ कोटी ७० लाख डॉलरला घेतले.

काही चतुर लोकांनी तर फुकटातही धंदा केला. नोंदलेले नाव पाच दिवसांत रद्द केल्यास शुल्क परत मिळे. मूळ उद्देश असा की, टंकलेखनात चूक झाल्यास ती दुरुस्त करता यावी. या सवलतीचा फायदा घेऊन काही जण एकेका वेळी लक्षावधी नावे नोंदवीत, त्यांवर जाहिराती लावून पाच दिवस कमाई पाहत आणि न चालणारी नावे परत करीत. पसंतीसाठी म्हणून दुकानातून साड्या घरी न्याव्यात, लग्नात नेसून मिरवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून परत कराव्यात, असाच हा मामला. आयकॅनने अशा परत केलेल्या नावांवर शुल्क लावताच २००८ ते २००९ या काळात हा प्रकार ९९ टक्क्यांहून अधिक घटला. लहानशा शुल्काने एवढी मोठी शिस्त लागल्याचे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

२०२४ मधील एक प्रसंग आपल्या देशातला आहे. जिओ व हॉटस्टार या दोन सेवांचे एकत्रीकरण होणार अशी अटकळ बांधून दिल्लीच्या एका तरुणाने दोन्ही नावे जोडून एक डोमेन आधीच नोंदविले होते. परदेशातील आपल्या उच्च शिक्षणाचा खर्च कंपनीने उचलावा आणि नाव घ्यावे, असा प्रस्ताव त्याने मांडला. पुढे ते नाव दुबईतील दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांच्याकडून कंपनीकडे आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाने सेवा सुरू झाली.

दोन अक्षरांची दौलत

प्रत्येक देशाला वा प्रदेशाला दोन अक्षरांचा विभाग आंतरराष्ट्रीय संकेतावलीनुसार मिळतो. त्यात निवड नसते. प्रशांत महासागरातील सुमारे ११ हजार वस्तीच्या तुवालू देशाला ‘टीव्ही’ ही अक्षरे आली. बेटांवर शेतीला माती अपुरी, उत्पन्नाची साधने मोजकी. पण जगभरच्या दूरचित्रवाणी व्यावसायिकांना ती दोन अक्षरे हवी होती. २००० मध्ये तुवालूने एका कंपनीशी बारा वर्षांत ५ कोटी डॉलर मिळण्याचा करार केला. त्या पैशाच्या आधाराने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. त्यापूर्वी सदस्यत्वाचा खर्च त्याला पेलवत नव्हता.

कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या ब्रिटिश बेटाची गोष्ट ताजी आहे. त्याच्या वाट्याला ‘एआय’ ही अक्षरे आली होती आणि अनेक वर्षे ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेचे इंग्रजी संक्षिप्त रूपही नेमके तेच. त्या तंत्रज्ञानाची लाट येताच कंपन्यांची रांग लागली. २०२३ मध्ये सुमारे १६ हजार लोकवस्तीच्या या बेटाला नोंदणीतून ३ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न झाले. ते शासनाच्या एकूण महसुलाच्या पाचव्या भागाहून अधिक होते.

तारीख चुकली तर

भाडेपट्ट्याची मुदत विसरण्यात लहानमोठा असा भेद नाही. डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन नाताळात, मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे नूतनीकरण राहून गेले. त्यावर हॉटमेल ही ई-मेल सेवा अवलंबून होती, त्यामुळे अनेकांना आपली पत्रे उघडता येईनात. एका त्रयस्थ संगणक-तंत्रज्ञाने दोष ओळखला आणि स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून कंपनीचे नाव वाचविले. कंपनीने त्याला ५०० डॉलरचा धनादेश पाठविला. त्याने तो धनादेशच लिलावात विकून रक्कम धर्मादाय कामाला दिली.

२०१५ च्या सप्टेंबरात तर ‘गूगल डॉट कॉम’ हेच नाव विक्रीस उपलब्ध असल्याचे मूळच्या कच्छमधील एका तरुणाला रात्री दिसले. त्याने १२ डॉलर भरले आणि व्यवहार पुरा झाला. सुमारे एका मिनिटात कंपनीने तो रद्द केला. चूक निदर्शनास आणल्याबद्दल त्याला ६,००६.१३ डॉलर देण्यात आले. हा विचित्र आकडा डोळे किलकिले करून पाहिल्यास इंग्रजी ‘गूगल’ शब्दासारखा दिसतो. त्याने ती रक्कम भारतातील शैक्षणिक कार्यासाठी देण्याचे ठरविले, तेव्हा कंपनीने ती दुप्पट केली.

प्रत्येक वेळी सज्जनच भेटेल असे नाही. डॉट कॉम नावाची मुदत संपली की निबंधकाकडून साधारणतः ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यानंतर ३० दिवस जादा आकार भरून नाव सोडवून घेता येते. शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग नाव सर्वांना खुले होते. अशा नावांवर टपून बसलेले संगणक क्षणार्धात ते टिपतात. एखाद्या शाळेचे किंवा संस्थेचे जुने नाव त्यांना हवे असते, कारण त्यावर लोकांचा विश्वास बसलेला असतो. पाठ्यपुस्तकांत, पत्रकांत, भिंतीवरील फलकांवर तोच पत्ता छापलेला असतो. विद्यार्थी विश्वासाने तो उघडतो आणि समोर जुगाराची जाहिरात येते. हसण्याचा विषय येथे संपतो.

मराठी अक्षरांचे प्रश्न

डोमेन नावाच्या प्रत्येक भागात ६३ पर्यंत चिन्हे चालतात. मूळ व्यवस्थेत केवळ इंग्रजी अक्षरे, अंक आणि आडवी रेघ यांनाच जागा होती. दोन शब्दांत अंतर सोडता येत नाही. यामुळे मराठी नावांची चांगलीच त्रेधा उडते. ‘के, ए, एल, ए’ ही चार अक्षरे कला, काळा, काला आणि कळा असे चारही शब्द दाखवितात. ‘व्ही, ए, डी, ए’ वाचून ऐतिहासिक वाड्याचा शोध घेणारा पर्यटक वड्याच्या गाडीपाशी पोहोचावयाचा. म्हणून नाव निश्चित करण्यापूर्वी ते अनोळखी माणसाकडून मोठ्याने वाचवून घेणे शहाणपणाचे ठरते.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा विभाग सुरू झाला. मराठी व कोकणीसह आठ भाषांना त्याचा लाभ मिळाला. यातील गंमत अशी की, यंत्रणेच्या पोटात आजही इंग्रजी अक्षरेच चालतात. आपण देवनागरीत नाव लिहिले की संगणक त्याचे ‘एक्स, एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे एक अगम्य रूप करतो व वाचताना पुन्हा देवनागरी दाखवितो. येथेही सावधगिरी हवी. ‘ख’ आणि ‘रव’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत घाईने वाचणाऱ्याची फसगत सहज होते.

सार्वजनिक संस्थांनी काय करावे

डॉट इन विभाग १९८९ पासून अस्तित्वात आहे. आरंभी त्याची व्यवस्था मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती आणि नियम इतके कडक होते की २००४ पर्यंत सुमारे ७ हजारच नावे नोंदली गेली. १ जानेवारी २००५ पासून नियम शिथिल झाले. आज ही संख्या ४० लाखांहून अधिक आहे. मोकळीक वाढली तशी तोतयेगिरीची शक्यताही वाढली. म्हणून काही उपविभाग राखून ठेवलेले आहेत. ‘जीओव्ही डॉट इन’ आणि देवनागरीतील ‘सरकार डॉट भारत’ हे शासकीय कार्यालयांसाठी आहेत. ‘एसी डॉट इन’ व ‘ईडीयू डॉट इन’ हे शिक्षणसंस्थांसाठी आहेत. ही नावे कोणालाही दुकानातून घ्यावी तशी घेता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये याच विचाराने बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा राखीव उपविभाग ठरविला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्याकडे वळण्यास बँकांना सांगितले. पत्त्याचा शेवट पाहून खातेदाराला खरी बँक ओळखता यावी, हा त्यामागील हेतू आहे.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचा पत्ता टाइप करताना शासकीय अक्षरांऐवजी ‘डॉट कॉम’ लिहिणारे लोक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भलत्याच, अश्लील संकेतस्थळावर जाऊन पोहोचत. पत्त्याचा शेवट किती महत्त्वाचा असतो, याचा याहून बोलका दाखला नाही.

आपल्या संस्थेपुरती काही पथ्ये पाळणे कठीण नाही. राखीव उपविभागात नाव मिळत असेल तर तेच घ्यावे. अन्यत्र घ्यावे लागल्यास नोंदणी संस्थेच्याच नावे आहे याची खात्री करावी. संकेतस्थळ बनविणाऱ्या कंत्राटदाराच्या किंवा बदलून जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावे ती राहू देऊ नये, कारण नोंदवहीच्या लेखी ज्याचे नाव तोच धारक. संपर्कासाठी व्यक्तीचा नव्हे, पदाचा ई-मेल पत्ता द्यावा. मुदतीची तारीख, निबंधकाचे नाव आणि खात्याचा तपशील जडवस्तू नोंदवहीत लिहावा आणि कार्यभार सोपविताना किल्ल्यांबरोबर तोही सोपवावा. नूतनीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात दरवर्षी धरावा आणि शक्यतो अनेक वर्षांचे शुल्क एकदम भरावे. जुने नाव सोडावयाचे असल्यास ते लगेच मोकळे न करता काही वर्षे स्वतःकडे ठेवून नव्या पत्त्याकडे वळवावे.

ग्रामपंचायतीच्या नावाला लिलावात कोणी ३ कोटी डॉलर देणार नाही. पण दाखला, करभरणा वा शिष्यवृत्तीची माहिती शोधणारा ग्रामस्थ ज्या भरवशाने ते नाव टाइप करतो, तो भरवसा अनेक वर्षांच्या कामातून जमलेला असतो. वर्षाकाठी काही शे रुपयांचे शुल्क वेळेवर भरणे आणि नोंद योग्य नावावर ठेवणे एवढ्यावर तो टिकतो. गावच्या गायरानाची व पाणवठ्याची जशी राखण करावयाची, तशीच गावाच्या नावाचीही करावयास हवी.